समोरून कोणी येत नाही

सुपडू आप्पांच्या गाडीत बसून बशीतला चहा प्यावा, शर्टावर थेंब पडायचा नाही, असं शहादा डेपोत म्हणत. सुपडू पाटील, राहणार म्हसावद, एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी शहादा ते तोरणमाळ ही एकच फेरी मारली. राणीपूर मागे पडलं, घाट लागला, की आप्पांची गाडी पाय मोजत चालल्यासारखी चालायची. तरणे कंडक्टर वैतागत. मागच्या बाकावरून एखादा मास्तर ओरडायचा, "आप्पा, आजच पोहोचायचं आहे ना?" वळणाआधी एक लांब हॉर्न, मग गाडी डाव्या अंगाला, मग दुसरा हॉर्न, मग वळण. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या कोंबडीलासुद्धा चाक लागलं नाही. महामंडळाने त्याचा बिल्ला दिला. आप्पांनी तो मंगलाबाईंच्या हातात ठेवला आणि चहा मागितला.

निवृत्त झाल्यावर बाकीचे ड्रायव्हर शेताकडे वळले, कुणी देवाकडे. आप्पांच्या वाट्याची शेती भाऊ करत होता आणि देवाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. ते रोज सकाळी शहाद्याला जाऊन लेकीच्या गॅरेजात स्टुलावर बसू लागले.

भूमिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली, वय एकोणतीस. सासर प्रकाशा गावचं, नवरा ललित केळीच्या बागा करणारा. लग्नानंतर तिने शहाद्याच्या बायपासवर पत्र्याचं शेड घालून गॅरेज उघडलं, तेव्हा पहिले सहा महिने लोक गाडी दुरुस्तीला नव्हे, तर तिला बघायलाच आणत होते. मग एका साखर कारखान्याच्या साहेबांची गाडी तीन गॅरेजांनी हात टेकल्यावर तिने चालू करून दिली आणि बघे कमी झाले, गिऱ्हाइकं वाढली.

त्या शेडच्या मागे, कडुनिंबाखाली, एक जुनी एस्टीम उभी होती. एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतल्यावर ती जवळजवळ फुकटात दिलेली. वीस वर्षांची गाडी, पण अंगाने हलकी आणि इंजिन खणखणीत. भूमिका दोन वर्षांपूर्वी नाशिकला एका मोकळ्या मैदानावरच्या वेळेच्या शर्यतीत भाड्याची गाडी घेऊन उतरली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा शिरला होता. रिकाम्या वेळात ती ही एस्टीम सोलत बसे. आधी मागची सीट काढली, मग गालिचे, मग दारांच्या आतले पुठ्ठे. पत्र्यावर आवाज दबायला लावलेलं डांबर छिन्नीने खरवडून काढलं. स्प्रिंगा आखूड केल्या, ब्रेकचे पॅड बदलले, सायलेन्सरचा मधला डबा उडवला. आप्पा स्टुलावरून बघत. चांगली चालती गाडी कुणी अशी उघडीवाघडी का करतं, हे त्यांना कळत नसे. पण त्यांनी विचारलं नाही. लेकीच्या कामात बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

एका दिवाळीनंतर बातमी आली. हौशी गाडीवाल्यांचं एक मंडळ तोरणमाळच्या घाटात चढाईची शर्यत घेणार होतं. फेब्रुवारीतला एक रविवार ठरला. सकाळी सात ते दुपारी तीनपर्यंत घाटाचा साडेतीन किलोमीटरचा तुकडा बंद ठेवायची परवानगी मिळाली होती. एकेक गाडी एकटी सुटणार. पायथ्यापासून वरच्या खुणेपर्यंत कोण किती वेळात चढतं ते घड्याळ सांगणार. प्रत्येकाला तीन फेऱ्या आणि त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरायची.

भूमिकाने फॉर्म आणला आणि त्याच संध्याकाळी ती म्हसावदला बापाकडे आली.

"आप्पा, माले घाट शिकाडा."

पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा, उजाडताना, बापलेक साध्या गाडीने, साध्या वेगाने घाट चढत. आप्पा बोलत, भूमिका वहीत लिहीत. आप्पांना चौदाच्या चौदा वळणं पाठ होती, पण ती त्यांच्या पद्धतीने.

"हाई तुळशीबाईनं वळण," ते म्हणाले. "आठे ती गाडीमाच बाळंत व्हयनी व्हती."

"वळण कसं शे ते सांगा, आप्पा."

"सांगस ना. डोंगरनं पाणी आठेच उतरस. म्हनीसन आतली बाजूनं डांबर खचेल शे."

तिसरं वळण वरातीचं, कारण तिथे लग्नाचा ट्रक अडकून आख्ख्या वऱ्हाडाने रस्त्यावर स्वयंपाक केला होता. नववं वळण मास्तरचं. त्या मास्तरांना दर सोमवारी तिथेच उलटी व्हायची. भूमिका हसत हसत लिहायची आणि पुढे स्वतःसाठी टिपायची: उजवं, आंधळं, दुसरा गिअर, आतली कड वाईट.

एका सकाळी ती लिहायची थांबली आणि बापाच्या हातांकडे बघत राहिली. स्टिअरिंग एकदाच वळत होतं, हवं तेवढंच, आणि परत सरळ होत होतं. कुठे दुरुस्ती नाही, झटका नाही. शर्यतीवाले हे शिकायला पैसे भरून क्लासला जातात, हे तिला ठाऊक होतं. घरी गेल्यावर तिने नियमांचं पत्रक पुन्हा वाचलं. एका गाडीवर दोन चालक नाव देऊ शकत होते. तिने दुसरा फॉर्म भरला आणि तो बापासमोर सहीला ठेवला.

आप्पा काही बोलायच्या आत मंगलाबाई चुलीपासून बोलल्या. "तुम्हीं? शर्यतमा? आठनी गाडी दहाले पोचाडी सारी उमर!"

आप्पांनी फॉर्म उलटा करून ठेवला. दोन दिवस तो तसाच पडला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. मंगलाबाईंनी विचारलं, हे काय भूत शिरलं. आप्पांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, "मन्हा मांगे नेहमी पन्नास माणसं व्हतात. एक डाव एकलाच जाईसन देखस."

एवढंच त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे निवृत्तीनंतर हा विचार त्यांना अधूनमधून येत असे. तो घाट त्यांनी काही हजार वेळा चढला होता. तो किती जोरात चढता येतो हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. जसं एखाद्या माणसाशी तीस वर्षं शेजार असावा आणि त्याचा गाण्याचा आवाज कधी ऐकलेला नसावा.

मग धावपळ सुरू झाली. शर्यतीच्या लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. आप्पांचं वय बासष्ट, म्हणून हृदयाचा आलेखही काढावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, चढावर धाप लागते का? आप्पा म्हणाले, "मला नाही, गाडीला लागायची." आलेख स्वच्छ निघाला.

गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा होता, म्हणजे गाडी उलटली तरी छत माणसावर बसत नाही. म्हसावदचा हेमराज उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. त्याच्या हातात भूमिकाने मापांचा कागद दिला. हेमराजने कागद वाचला, पाइपाची जाडी बघितली, गाडी बघितली.

"येमा ऊस भराना शे का, ताई?"

पण त्याने पिंजरा असा केला की सांधा शोधून सापडू नये. नव्या खोल सीटा आल्या, खांद्यावरून घेऊन पोटावर बांधायचे पट्टे आले, आग विझवायचा सिलिंडर, म्हणजे विझवणी, आली, बाहेरून दाबता येईल असं बॅटरीचं बटण आलं. दारांवर आकडे चिकटवले. आप्पांचा एकवीस, भूमिकाचा एकेचाळीस; गाड्या आकड्यांच्या क्रमाने सुटणार, म्हणजे आप्पांनी चढून खाली आणलेली गाडी तिला वेळेत मिळावी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी राणीपूरच्या शाळेच्या पटांगणात गाड्यांची तपासणी झाली. धुळे, जळगाव, नाशिक, सुरतेकडून मिळून अठ्ठेचाळीस चालक आले होते. बहुतेक पंचविशी-तिशीतले. तपासनीस चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, पिंजऱ्यावर टकटक केलं आणि विझवणीपाशी थांबले.

"हिची पकड प्लास्टिकची आहे. धातूची लागेल. आणि चालक कोण?"

"मी," भूमिका म्हणाली, "आणि हे."

गृहस्थांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे होते. "काका, याआधी कुठे स्पर्धेत चालवलीय?"

"स्पर्धेत नाही. इथेच चालवलीय. एकोणीस वर्षं."

"कोणती गाडी?"

"एसटी."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पकड बदलायला एक तास दिला. हेमराजने ट्रॉलीच्या पट्टीची पकड चाळीस मिनिटांत करून आणली.

रविवारी घाटात माणूसच माणूस होता. पळसाच्या झाडांखाली, वरच्या टेकाडांवर पाड्यांवरची पावरा आदिवासी मंडळी पोराबाळांसकट येऊन बसली होती. रस्त्याच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला, दोरी बांधून त्यांना मागे ठेवलं होतं. त्यांच्यातला गोवाल आप्पांना ओळखत होता. तोरणमाळच्या वाटेवर त्याचं भाजलेल्या मक्याच्या कणसांचं दुकान होतं आणि आप्पा निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्याच गाडीने बाजार करत आला होता. मंडळाने त्याला सातव्या वळणावर पंच म्हणून उभं केलं होतं, हातात पिवळं निशाण, अंगात नारिंगी जाकीट.

आप्पांनी अग्निरोधक पोशाख चढवला, हेल्मेट घातलं. ललितने पट्टे आवळले. केळीच्या पिकअपमधून तो सामान आणि डबे घेऊन आला होता. समोर निशाणवाल्याने पाच बोटं दाखवली, चार, तीन. आप्पांनी आरशात मागे पाहिलं, सिग्नल दिला आणि गाडी सोडली.

पहिल्या वळणाआधी त्यांनी लांब हॉर्न दिला.

दोरीमागचे लोक आधी गोंधळले, मग खदखदा हसले. आप्पांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वळणाआधी हॉर्न, तिसऱ्या वळणाआधी हॉर्न. गाडी वेगात होती, त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त वेगात. पण प्रत्येक वळणाला ती आपसूक डाव्या अंगाला सरकत होती, समोरून येणाऱ्याला जागा करून देत होती. सातव्या वळणावर त्यांनी पाय काढला आणि गाडी जवळजवळ थांबवली. तिथे वरून येणारा ट्रक नेहमी मधोमध असतो. ट्रक नव्हता. गोवाल निशाण घेऊन उभा होता आणि हसू दाबत होता.

वेळ लागली चार मिनिटं सव्वीस सेकंद. मग भूमिका त्याच गाडीत बसली आणि तीन एकतीसमध्ये वर गेली. त्यांच्या गटात, म्हणजे लहान इंजिनच्या बारा चालकांत, ती तिसरी होती. आप्पा बारावे.

खाली आल्यावर भूमिकाने गाडीचं नाक उघडलं आणि काहीतरी खटपट केली. "आप्पा, हॉर्न काबर वाजाडी ऱ्हायनात?"

"मी वाजाडा?"

"चौदा डाव. समोरथून कोणी येत नही. रस्ता बंद शे."

आप्पांनी हातातलं हेल्मेट फिरवून पाहिलं. "माले माहीत शे, बेटा. मन्हा हातले माहीत नही."

भूमिकाने हॉर्नची तार काढून टाकली होती. दुसऱ्या फेरीत आप्पांनी पहिल्या वळणाला दाबलं, आवाज आला नाही, म्हणून पुन्हा दाबलं. आपण बोललो आणि तोंडातून शब्दच निघाला नाही, असं काहीसं वाटलं. पण तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर अंगठा दाबायचा थांबला. गाडी मात्र डावी बाजू सोडेना. चार मिनिटं दोन सेकंद. भूमिका तीन बावीस. आता ती दुसरी होती आणि पहिल्याला गाठायला तिला एक सेकंद हवा होता. सुरतेची दोन पोरं मागे तिसरी-चौथी होती, अगदी तिच्या खांद्याला खांदा लावून.

जेवणाच्या सुट्टीत मंगलाबाईंनी पाठवलेला डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. भूमिकाने दोन घास खाल्ले आणि ती टायर बघायला उठली. आप्पा भाकरी हातात धरून घाटाकडे बघत बसले. ललितने पाणी पुढे केलं, त्यांना दिसलं नाही. ते मनातल्या मनात घाट चढत होते, या वेळी रस्त्याच्या मधोमध. सातव्या वळणाला त्यांनी मनातल्या मनातसुद्धा तीनदा गाडी डावीकडे घेतली. चौथ्यांदा ती उजवीकडे गेली, डोंगराला घासून, ट्रकाच्या जागेतून. त्यांनी भाकरी डब्यात ठेवली.

"तुम्ही जेवत नाही, मामा?" ललितने विचारलं.

"आल्यावर," आप्पा म्हणाले.

तिसरी फेरी.

पहिलं वळण त्यांनी कापलं. आपण काय केलं हे वळण संपल्यावर त्यांना कळलं. डावीकडून आत, उजव्या कडेला टेकून, परत डावीकडे बाहेर. रस्ता एकदम सरळ झाल्यासारखा झाला. दुसरं वळण. तिसरं, वरातीचं. इंजिन ओरडत होतं आणि हातात स्टिअरिंग असं हलकं होतं की जणू ते गाडी चालवत नव्हते, नुसते धरून बसले होते. चौथ्या वळणानंतर त्यांना जाणवलं की आपण हसतो आहोत. बत्तीस वर्षांत स्टिअरिंगमागे बसून ते कधी हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पाचवं, सहावं. मागे कुणाचं सामान नाही, कुणाचं लेकरू नाही, कुणी धडकून पडणार नाही. सातवं वळण समोर आलं. उजवं, आंधळं. ट्रकाची जागा. त्यांनी पाय काढला नाही.

त्यांनी ते कापलं, पण कापलं हातभर जास्त. डोंगराच्या पायाशी पाण्याची नाली होती, सिमेंटची, वीतभर खोल. उजवं पुढचं चाक तिच्यात उतरलं. एक कडाड आवाज झाला, स्टिअरिंग हातातून हिसकलं गेलं, गाडी अर्धी गोल फिरली आणि रस्त्यात आडवी होऊन थांबली. इंजिन चालू होतं, चाकं फिरत नव्हती. आप्पांनी बटण दाबून सगळं बंद केलं.

मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. कुणाला लागलं का.

मागे हेमराजचे पाइप होते.

गोवाल निशाण हलवत पळत आला. त्याच्यामागे विझवणी घेतलेले दोघे. "आप्पा! लागलं का काही?" गोवालने विचारलं. आप्पांनी पट्टे सोडले, बाहेर आले, गाडीपुढे वाकून चाकाकडे पाहिलं. चाक आत दुमडलं होतं आणि एक्सल सांध्यातून तुटून लोंबत होता. रस्त्यावर काळं ग्रीस सांडलं होतं. गोवालने त्यांना कठड्यावर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"होतं असं," गोवाल म्हणाला.

"माझं होत नाही," आप्पा म्हणाले.

खाली भूमिका हेल्मेट घालून तयार उभी होती. वायरलेसवर निरोप आला: एकवीस नंबर, सातवं वळण, गाडी बंद. तिने विचारलं, "माणूस?" उत्तर आलं, माणूस ठीक आहे, चालतोय. तिने डोळे मिटले आणि उघडले. मग विचारलं, "गाडी?" पलीकडच्याने गोवालला विचारलं, गोवालने बघून सांगितलं. तिने हेल्मेट काढून, जिथे तिची गाडी असायला हवी होती तिथे, जमिनीवर ठेवलं.

जादा एक्सल होता, पण तो शहाद्याला, शेडमध्ये, रॅकवर. तो आणून बसवायचा तर दोन तास, आणि फेऱ्या संपायला उरली होती पन्नास मिनिटं. नियमाप्रमाणे दुसऱ्याची गाडी घेता येत नव्हती. सुरतेच्या दोन्ही पोरांनी तिसऱ्या फेरीत तिच्यापेक्षा चांगली वेळ काढली. भूमिका चौथी आली. पहिल्या तिघांना चषक होता.

ललितच्या पिकअपला एस्टीमचं नाक उचलून बांधलं आणि ते खाली निघाले. पुढे तिघं एका बाकावर, आप्पा खिडकीशी. राणीपूर गेलं, म्हसावद आलं. आप्पा उतरताना काहीतरी बोलणार होते. भूमिका समोर बघत होती. ते उतरले, दार लावलं, पिकअप शहाद्याकडे गेला.

मंगलाबाईंनी दारातच विचारलं, "काय व्हयनं?"

"गाडी मोडनी. मन्हा हातवरी."

मंगलाबाईंनी नवऱ्याला आपादमस्तक पाहिलं, तो धड आहे याची खात्री केली आणि आत गेल्या. चेष्टा करायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा गॅरेजला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. डेपोतल्या जुन्या लोकांपर्यंत बातमी गेली होती. एकाने फोन करून विचारलं, सुपडू, खरं का रे? आप्पा म्हणाले, खरं. बिनअपघाताचा बत्तीस वर्षांचा हिशेब गेला म्हणून आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं फारसं वाटत नव्हतं. वाटत होतं ते लेकीच्या चौथ्या नंबराचं. आणि त्याखाली, लाजच वाटावी असं आणखी एक होतं: पहिल्या सहा वळणांची आठवण आली की छाती अजून भरून येत होती. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, ते त्यांना कळेना.

चौथ्या दिवशी ते शहाद्याला गेले. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती आणि भूमिका खाली, फक्त पाय बाहेर. आप्पा स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "सतराना पाना देऊ का?"

"एकोणीसना," खालून आवाज आला.

त्यांनी दिला. अर्धा तास असाच गेला. मग भूमिका बाहेर आली, फडक्याने हात पुसले आणि खिशातून फोन काढला. गाडीत लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, दोघांचं, शेजारी शेजारी लावलेलं. डाव्या बाजूला तिची दुसरी फेरी, उजव्या बाजूला त्यांची तिसरी.

"देखा," ती म्हणाली.

दोन्ही गाड्या एकदम सुटल्या. पहिल्या वळणाला तिची पुढे होती, दुसऱ्यालाही. पाचव्या वळणाला मात्र ती आधी ब्रेक दाबत होती, आणि आप्पा दाबत नव्हते. तिथे बाहेरच्या बाजूला रस्ता रुंद होतो हे त्यांना ठाऊक होतं. सहाव्या वळणापर्यंत ते तिच्या फक्त दोन सेकंद मागे होते. मग सातवं आलं आणि उजवीकडचं चित्र गरकन फिरलं.

"माले राग शे," भूमिका म्हणाली. "आजबी शे."

"ऱ्हाऊ दे."

"तुम्हीं पाचव्या वळणले काय करं ते माले शिकाडा."

आप्पांनी फोन तिच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि पाचवं वळण पुन्हा लावलं. ते तिला सांगू लागले. सांगता सांगता थांबले, कारण नेमकं काय केलं ते त्यांनाही नीट सांगता येईना. शेवटी दोघं ललितच्या पिकअपने घाटात गेले, साध्या वेगाने, आणि पाचव्या वळणाच्या कडेला उतरून पायांनी ते मोजत उभे राहिले. गोवालने भाजलेली दोन कणसं आणून दिली आणि विचारलं, आता काय हरवलं?

एक्सल बसला, चाकाचा दुमडलेला आर्म बदलला. बापलेकीत पुन्हा बोलणं सुरू झालं, मात्र त्या चौथ्या नंबराचा विषय निघाला की भूमिका अजून खोली सोडून जाते. आप्पाही तो काढत नाहीत.

डिसेंबरात नाशिकच्या बाजूला दुसऱ्या एका घाटात एकाच फेरीची चढाई झाली. अनोळखी घाट. वळणांना नावं नाहीत, कुणाची आठवण नाही, डावी बाजू धरायची सवय नाही. या वेळी भूमिकाने सुटायचा आधीचा नंबर स्वतःला घेतला आणि बापाला मागचा. गाडी मोडायची तर तिची फेरी झाल्यावर मोडावी, असं तिने तोंडावर सांगितलं आणि आप्पांनी ते न्याय्य आहे म्हणून मान डोलावली. ती तिसरी आली. चषक पितळी आहे, तळाला आयोजकांनी तिचं आडनाव चुकीचं कोरलं आहे.

आप्पा बारांत अकरावे आले. बाराव्याचं चाक पहिल्याच वळणाला पंक्चर झालं होतं, हे ते कुणी न विचारताच सांगतात.